उजवीकडे झुकलेली कळ

मिस्त्रींनी ती कळ मध्यावर आणली आणि सगळा घोटाळा करून बसले.

कुणी सांगितलंही नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई वडिलांच्या दोन जुन्या दुनळी बंदुका घेऊन त्यांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या, एक जर्मन आणि एक अमेरिकन. परवान्यावर आता एकच राहणार, दुसरी महिनाअखेर जमा करायची. "दोन्ही साफ करा आणि कारागिरी कुठलीची सरस ते सांगा. तुम्ही म्हणाल ती ठेवीन," एवढंच बाई म्हणाल्या.

मिस्त्रींचं उत्तर चाळीस वर्षांपासून तयार होतं. जर्मन कारागीर लोखंडाला दिव्याची काजळी फासायचा, दोन भाग मिटायचा आणि जिथे डाग उमटेल तेवढाच कण कानशीने काढायचा. असं शंभरदा. मिटलेली बंदूक उजेडाकडे धरली तर कवडसा दिसत नसे. अमेरिकन म्हणजे यंत्रातून पडलेला माल. दस्ता देखणा, पण पोटात यंत्राच्या दातांच्या रेघा तशाच. आणि नळ्या मिटल्यावर कुलूप लावणारी वरची कळ मध्यावर न येता उजवीकडेच थांबलेली. वाकडा भांग पाडल्यासारखी.

मिस्त्रींना ते बघवेना.

"बाईंना आधी विचारा," बायको म्हणाली. "जरा कळ काढा."

त्यांनी विचारलं नाही. कळ उतरवली, खालची खीळ कानशीने घासली. दुपारपर्यंत कळ नाकासमोर सरळ.

चार दिवसांनी नेमबाजी क्लबचा पहारेकरी त्याच अमेरिकन बनावटीची बंदूक घेऊन आला. स्प्रिंग तुटली होती. पन्नास वर्षं वापरलेली, कुलपाला कुणी हात न लावलेली. तिची कळ मध्यावर होती आणि मिटलेल्या नळ्या जराही हलत नव्हत्या. मिस्त्रींनी ती खोलली. खीळ उताराची होती, पाचरीसारखी. लोखंड झिजेल तशी ती थोडी आणखी आत सरकायची आणि कळ उजवीकडून हळूहळू मध्यावर यायची. झिजेला ठेवलेली जागा होती ती. ती त्यांनी एका दुपारीत घासून टाकली होती.

"कळ काढा म्हटलं ते थांबा अशा अर्थी," बायको म्हणाली. "तुम्ही खरंच काढलीत."

"तुला चेष्टा सुचते."

"चाळीस वर्षं त्या जर्मनीचं कौतुक ऐकतेय. एवढी तरी करू द्या."

बाई आल्या तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगितलं. सांगताना नजर टेबलावरच होती.

"म्हणजे बिघडली का?" बाईंनी विचारलं.

"आज नाही. पण पुढची पन्नास वर्षं मी खाल्ली तिची."

"मग सरस कुठली?"

"हात जर्मनाचा सरस, बाई. पण ती सैल झाली की मिस्त्री लागतो. अमेरिकनला लागत नव्हता. मी हात लावेपर्यंत."

"मला ती मिस्त्री न लागणारी हवी," बाई म्हणाल्या. "तुमच्यानंतर मी कुणाकडे जाऊ? महिनाअखेरपर्यंत जमतंय का बघा."

मिस्त्रींनी पोलादाची नवी खीळ घडवायला घेतली. काजळी, डाग, कानस. कळ उजवीकडे थांबली की हात थांबवायचा, एवढंच काम. पण आणखी एकच हात फिरवू म्हणत ते घासत आणि कळ मध्यावर येऊन बसे. पहिली खीळ गेली. दुसरी, तिसरी गेली. चौथी त्यांनी भिंतीवर फेकली. आयुष्यभर हाताला जे शिकवलं, ते हात आता विसरायला तयार नव्हता.

शेवटच्या दिवशी पाचवी खीळ बसवली. कळ उजवीकडे थांबली. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि कानस बायकोच्या हातात दिली.

"ही ठेव. बाई बंदूक घेऊन जाईपर्यंत मागितली तरी देऊ नकोस."

पाव तासात त्यांनी ती दोनदा मागितली. बायकोने दिली नाही.

बाई बंदूक घेऊन गेल्या. कळ उजवीकडे वाकडीच होती, आणि मिस्त्रींना ती अजूनही बघवत नव्हती.