चुलीची फुंकर

मला एमडीला फिजिओलॉजी मिळालं तेव्हा पप्पांनी गावात पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच लोक विचारू लागले की ही नेमकी कशाची डॉक्टर. जाफराबादहून जीपने जावं लागतं असं आमचं लहानसं गाव. शेजारच्या मावशीने हा फिजिओथेरपीचाच प्रकार धरून गुडघा पुढे केला. मी तिला समजावलं, की धडधाकट माणसाचं शरीर कसं चालतं ते आम्ही शिकतो. ती म्हणाली, "चालून राह्यलं तं चालू दे न बाई. त्यात शिकायचं काय?" मला हा प्रश्न फार आवडला.

पप्पांना मात्र तो प्रश्न झोंबला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगी डॉक्टर होणार आणि जाफराबादच्या स्टँडजवळ पाटी लावणार, हे त्यांनी मी बारावीत असल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पेशंट तपासायची शाखा थोडक्यात हुकली, म्हणून त्यांनी दुसरा बेत आखला. मी पुन्हा प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा, अभ्यास करायचा आणि मेडिसिन नाहीतर स्त्रीरोग मिळालं की ही सीट सोडून द्यायची. "एक साल गेलं तं गेलं," ते म्हणायचे, "पण मंग डॉक्टर म्हणून बसशील." मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आमच्या घरात पप्पांना तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती.

गंमत अशी की मला कॉलेजात करमायला लागलं होतं. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, एकमेकांचं बीपी मोजताना खिदळणाऱ्यांना गप्प करायचं, गुडघ्यावर हातोडी नेमकी कुठे मारायची ते दाखवायचं, दुपारी सेमिनार. आमच्या आधीच्या लोकांनी बेडकांवर प्रयोग केले होते, आमचा बेडूक कॉम्प्युटरवर उडी मारायचा. एकदा मला कळलं की श्वास आत घेताना नाडी जरा पळते आणि सोडताना रेंगाळते. हे एमबीबीएसला वाचलेलंच होतं, पण स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ते कधी पाहिलं नव्हतं. मग मी आठवडाभर मेसच्या रांगेत मनगट धरून उभी राहायची. मैत्रिणी म्हणायच्या, हिला काहीतरी झालंय.

आमच्या विभागप्रमुख मॅडमना उत्तर दिलं की त्या त्यातून प्रश्न काढत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "तीन वर्षांत तुला दोन गोष्टी आल्या पाहिजेत. आजारी नसलेला माणूस ओळखता आला पाहिजे, आणि तो आजारी का नाही हे पहिल्या वर्षाच्या पोराला समजावता आलं पाहिजे." मला वाटलं, त्यात काय अवघड आहे.

प्रबंधासाठी मी विषय घेतला तो घरचाच. आमच्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग लावतात, आणि वर्षभर चुलीत त्याच जळतात. गॅस सगळ्यांकडे आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. तर चुलीवर राबणाऱ्या बायकांचा श्वास आणि फक्त गॅस वापरणाऱ्या बायकांचा श्वास यांत किती फरक पडतो ते मोजायचं. यंत्र सोपं असतं. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळी हवा एका दमात जोराने सोडायची. लॅपटॉपवर त्याची रेघ उमटते. मॅडमनी बजावलं, की मुख्य काम सुरू करण्याआधी थोड्या बायकांवर करून बघ.

मी आमच्याच गावात विहाराच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. चिमट्यामुळे हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. पण "दीर्घ श्वास घेऊन जोरात उच्छ्वास करा" म्हटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. मग मला सुचलं. म्हटलं, "चुलीत फुकणीनं फुकता न? तसं फुका." सगळ्यांना लगेच समजलं. ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत काम झालं म्हणून मी स्वतःवर जाम खूश होते. जाफराबादच्या गॅसवाल्या बायकांना मी फुगा फुगवायला सांगितलं, कारण त्यांच्यातल्या तरुण पोरींनी फुंकणी हातातही धरली नव्हती.

फरक निघाला तो डोळे विस्फारावेत असा. चुलीवाल्या बायकांचे आकडे फारच खाली. एवढं ठळक काही हाती लागेल असं मला वाटलंच नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. सगळ्यांत शेवटी आई बसली. तिने तीनदा फुंकलं, आणि तिचा आकडा सगळ्यांत कमी आला.

"कसं हाय?" तिने विचारलं.

"बराबर हाय," मी म्हणाले आणि लॅपटॉप बंद केला. आईची आई दम्याने गेली होती. धापा टाकत भिंतीला टेकून बसलेली ती मला आठवत होती.

परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं. आईचं फुप्फुस खराब होतंय आणि मी ते नुसतं मोजणारी. पप्पा बरोबरच म्हणत होते. मी फोन करून त्यांना सांगितलं, फॉर्म भरते. आईबद्दल काही बोलले नाही, आधी नीट खात्री करून घेऊ म्हटलं. "बिलकुल बराबर," पप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा मोकळा मी कितीतरी महिन्यांनी ऐकला.

मॅडमना सगळं दाखवलं तर त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. त्या रेघा बघत राहिल्या.

"गॅसवाल्यांच्या रेघा सरळ चढतात, मग चुलीवाल्यांच्याच सुरुवातीला अशा गोल का?" त्यांनी विचारलं. "दम लागणारा माणूससुद्धा पहिला झटका जोरात मारतो. त्याची रेघ सरळ वर चढते. आजार दिसतो तो उतरताना. इथं तर चढच गोल आहे. म्हणजे ह्या बायकांनी जोर लावलेलाच नाही. तू सांगितलं काय होतंस?"

मी सांगितलं.

"तू कधी चूल फुंकलीयेस?"

मी अकरावीपासून हॉस्टेलवर. चूल जन्मभर बघितली, फुंकली मात्र कधीच नाही.

रविवारी यंत्र घेऊन घरी गेले आणि चुलीपुढे पाट घेऊन बसले. आई पाणी तापवायला पऱ्हाट्या लावत होती. तिने फुंकणी ओठांना लावली आणि हळूच सुरुवात केली, मग थोडं वाढवलं, आणि तसंच लांबवर नेलं. लॅपटॉपवर बघितलेली गोल रेघ माझ्या डोळ्यांसमोर कुणी सावकाश काढत असावं तसं ते होतं.

"आई, पहिल्यापासून जोरात का न्हाई फुकत?"

"राख येती न तोंडावर," ती म्हणाली. "आन् जाळ बी इझतो."

मी एकटीच मोठ्याने हसले. बायकांनी मी सांगितलं तसंच, अगदी तसंच केलं होतं. आयुष्यभराची सवय त्यांनी माझ्या नळीत ओतली होती आणि मी तिला आजार म्हणून बसले होते. पण हसू ओसरलं आणि भीती वर आली. आईच्या बाबतीत तेवढंच होतं की खरंच काही होतं?

आता नवीन शब्द हवे होते. कुटासाठी आईने शेंगदाणे भाजले होते. थोडे तळहातावर चोळून तिने एक फुंकर मारली आणि टरफलं पार दाराबाहेर गेली. मी यंत्र तिथेच, चुलीपासून हातभर लांब मांडलं.

"टरफलं उडवती तशी सुरुवात कर. आन् मंग थांबू नको, पोट आत जाईस्तोवर सोड."

रेघ सरळ वर चढली आणि तितकीच नीट खाली आली. मी पुन्हा करायला लावलं, मग अजून एकदा. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा श्वास असायला हवा तेवढा होता, किंचित जास्तच. मी तिला सांगितलं, "आई, तुझं फुप्फुस एकदम चांगलं हाय." ती नाकाला चिमटा तसाच ठेवून चुलीकडे बघत बसली.

दुपारी बाकीच्या बायकांना पुन्हा बोलावलं. बहुतेकींचे आकडे वर गेले. काहींचे मात्र गेले नाहीत. माझा तो ठळक फरक पुसला गेला आणि एक बारीकसा फरक उरला, पण त्यावर आता मला भरवसा ठेवता येत होता. ज्यांचे वर गेले नाहीत, त्यांची चूल कुठे आहे, धूर जायला वाट आहे का, असं सगळं मला विचारावंसं वाटू लागलं. संध्याकाळपर्यंत फॉर्मची आठवणही झाली नाही, आणि झाली तेव्हा कळलं की आपल्याला तो भरायचा नाही.

सोमवारी सकाळी पप्पा शाळेला निघायच्या आधी चहा घेत होते. मी उंबऱ्याजवळ उभी राहिले.

"पप्पा, मी फॉर्म भरत न्हाई. मी हेच करणार हाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "तू तं हो म्हणली होती."

"घाबरून म्हणले होते."

"मंग लोकायला काय सांगू मी? पोरगी डॉक्टर झाली आन् पेशंट बघत न्हाई?"

"सांगा, निरोगी माणसांची डॉक्टर हाय."

पप्पा रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. शाळेत पोराला उमजत नाही तेव्हा बोलतात तसं सावकाश म्हणाले, "निरोगी माणसाला डॉक्टर कशाला लागतो?"

यावर माझ्याकडे मॅडमची वाक्यं होती, पण ती तिथे, चहाच्या कपापुढे, उपयोगाची वाटेनात. आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही, मान वर केली नाही.

"मला लागली न," ती म्हणाली. "पहिल्यांदा मोजलं तवाचं हिचं तोंड पाह्यलं मी. तवापासून मला रातीला झोप न्हाई. माय दिसायची. काल झोपले."

पप्पांनी तिच्याकडे वळून बघितलं. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.