स्पिरिटनंतर ठेवलेलं बोट

सौसरच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं नर्स आहे आणि माझा हात हलका आहे, असं लोक म्हणतात. रामाकोन्याच्या, बोरगावच्या बाया दारातूनच विचारतात, "ते चष्मेवाली सिस्टर आहे का?" मला हे आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

सलाईनची सुई लावायची माझी एक रीत होती. दंडाला पट्टा बांधायचा, स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसायची आणि टोचण्याआधी उघड्या बोटाने नस पुन्हा एकदा चाचपायची. पुसलेल्या जागेला परत हात लावायचा नाही, बोटावरचे जंतू सुईबरोबर आत जातात, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. हातमोजे घाला, स्पिरिट सुकू द्या, हेही शिकवतात. पण मोज्यातून नस कळत नाही आणि माझ्या बोटाला सगळं कळतं, हा माझा तोरा.

मागच्या उन्हाळ्यात हगवणीने गळून गेलेली एक आजी आली. अंगातलं पाणी गेल्याने नसा पार बसल्या होत्या. पांढुर्ण्याहून नव्याने आलेली सिस्टर माझ्या शेजारी उभी होती. मी जागा पुसली आणि सवयीने बोट ठेवलं.

"ताई, आता बोट नका लावू ना," ती हळूच म्हणाली. "स्पिरिट लावून झालं."

"तू मले शिकवून राहिली का?" मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं.

आणि नेमकी सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. दोनदा चुकल्यावर दुसरीला द्यावं, हाही नियमच. पण त्या पोरीच्या हातात सुई द्यायची म्हणजे माझं नाकच कापलं जाणार होतं. मी आजीवरच खेकसले, "आजी, हात काहून हालवता?"

"नाई हालवत वो बाई," आजी घाबरून म्हणाली. तिसऱ्यांदा, पुन्हा बोटाने चाचपूनच, सुई बसली.

तिसऱ्या दिवशी आजीचा हात कोपरापर्यंत लाल झाला. नस सुतळीसारखी कडक लागत होती आणि आजीला सणकून ताप होता. सुईची जागा रोज पाहायची असते, तीही मी पाहिली नव्हती. आजीचा मुलगा डॉक्टरांसमोर मला विचारायला लागला, "मायचा हात काहून सुजून राहिला, सिस्टर?"

नवी सिस्टर माझ्याकडे पाहत होती. तेव्हा तरी खरं बोलायचं. पण मी म्हणाले, "सुई लावताना आजींनी हात हालवला होता."

मुलगा आईवर चिडला. "तुले सांगतलं होतं ना, चूप पडून राह्य म्हणून!" आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "हालवला असन म्या. म्हाताऱ्या माणसाले कुठी भान राह्यते? माफ कर वो बाई." मला लाज वाटली, तरी मी खाली मान घालून तिच्या हातावरची चिकटपट्टी सोडवायला लागले.

ती सुई काढली. दुसऱ्या हाताला नवीन सुई लावायचं काम डॉक्टरांनी त्या पोरीला दिलं. तिने हात धुतले, मोजे घातले, जागा पुसली आणि स्पिरिट सुकेपर्यंत थांबली. तेवढ्यात आजीने मला जवळ बोलावलं.

"माहा हात तू घट्ट धरून ठेव, बाई. मी पुन्हा हालवीन न् तुमाले तरास होईन."

मी धरला. पोरीने सुई टोचली, पहिल्याच वेळी नस मिळाली. आजीचा हात तसूभरही हलला नाही. पहिल्या दिवशीही हलला नव्हता, आणि हे आम्हा तिघींपैकी आजीलाच तेवढं ठाऊक नव्हतं.