पातीचा डबा

लग्न होऊन बीडला आले तेव्हा आमच्या किराणा दुकानातले मोड आलेले कांदे मला फेकवेनात. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली आणि कांदे खोचून दिले. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, म्हणून भांडी विसळलेलं पाणी त्यांना. पात उपटायची नाही, बोटभर ठेवून कात्रीनं कापायची, म्हणजे पुन्हा फुटते. सासऱ्यांना, आमच्या मामांना, ती भाकरीबरोबर कच्चीच लागायची.

गल्लीत केबल आलं त्या वर्षी मामांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सासूबाई, आमच्या आत्याबाई, महादेवाला बोलून बसल्या: चातुर्मासभर या घरात कुणाच्या तोंडी कांदा-लसूण जाणार नाही, मालकाला उठव. कांदेनवमीनंतर आमच्याकडे दरवर्षीच नेम असायचा आणि श्रावण संपेस्तोवर सगळे गुपचूप मोडायचेही. या वेळी मात्र त्यांनी लसणाची माळसुद्धा शेजारी देऊन टाकली. पातीचा डबा तेवढा ठेवला, मामा उठले की त्यांना लागेल म्हणून.

मामांनी जेवण सोडलं. पेज पुढे केली की तोंड फिरवायचे. हाडं दिसायला लागली. एका दुपारी आत्याबाई देवळात असताना त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर दाखवलं. डब्याकडे. मी दोन काड्या बारीक चिरल्या, ताकात कुस्करलेल्या भाकरीत घातल्या. वाटी संपली. मला रडूच आलं.

मग रोजच.

"बघ, नेम पावला. जेवाय लागले," आत्याबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. आधी मला हसू यायचं, नंतर धडकी भरायला लागली. एकदा त्या डब्यापाशी थांबल्या. "ही पात वाढंना कावून गं?"

"शेजारची शेळी खाती, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याभोवती बोरीच्या काट्या लावल्या. स्वतःच्या हातानं, बोटं रक्ताळेपर्यंत.

दिवाळीआधी मामा गेले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "नेमात माझंच चुकलं बाई. एका सोमवारी ताप होता म्हणून बिनआंघोळीची दिवा लावलता. त्यानंच झालं."

शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण सांगितलं असतं तर मामांना मी मारलं असं ठरलं असतं. मी भ्याले. त्यांनी ते स्वतःच्या माथी घेतलं आणि मी घेऊ दिलं.

त्यांनी कांदा जन्माचा सोडला. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांचं पिठलं वेगळं करत राहिले, बिनकांद्याचं. वाटी पुढे ठेवताना दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. त्या विचारायच्या, "तुला पात न्हाई का घेतली?" मी घ्यायची, आणि त्यांच्यासमोर बसून खायची.