गच्चीवरची धाप

सोलापुरात गरम हवेचं यंत्र घेणारी बाई म्हणून भवानी पेठेतल्या आमच्या बोळात माझी भरपूर थट्टा झाली. एसी घेतला तो हीट पंपवाला. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, थंडीत बाहेरची आत आणायची, असं त्याचं काम. डिसेंबरात वडिलांचे, म्हणजे आबांचे, गुडघे धरायचे, म्हणून मी तो निवडला. पण खरं कारण उन्हाळ्याचंच होतं. आदल्या वर्षी आबांना ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर वाचतील याची खात्री नाही. दुपारी त्यांची खोली थंड राहिलीच पाहिजे. आई त्याच्या आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर ऑफिसात.

एप्रिलमध्ये बिघाड सुरू झाला. संध्याकाळी घरी आले तर खोलीची भट्टी झालेली, एसीचा दिवा लुकलुकतोय आणि आबा घामाने निथळत पलंगावर शांत बसलेले.

"आबा, कधी बंद पडला हा?"

"तीनच्या सुमाराला, आक्का. बरं झालं की. लई धाप लागली हुती."

"कुणाला?"

मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाणी मागितलं.

वस्तू बिघडली की देवाला हात जोडणाऱ्यांतली मी नाही, माहितीपुस्तिका उघडणाऱ्यांतली आहे. रिमोटवर सूर्याचं चित्र आलंय का पाहिलं. तसं असेल तर यंत्र गरम हवा सोडतं. चित्र बर्फाचंच होतं. जाळ्या काढून नळाखाली धुतल्या. स्टॅबिलायझर पाहिला, पाणी जायच्या नळीत फुंकर मारून पाहिली. मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू केला, आणि यंत्र गुमान सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा बंद. तिसऱ्याही दिवशी तेच.

शुक्रवार पेठेतले एक मेकॅनिक आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. गच्चीवरचं बाहेरचं युनिट उघडून त्यांनी गॅस तपासला, पंखा फिरवून पाहिला. "काय बी बिघाड न्हाय मॅडम. दम कोंडल्यावर हे असं बंद पडतं. पन हितं गच्चीवर दम कोंडायला हाय काय?"

खरंच काही नव्हतं. रिकामी गच्ची, कपड्यांची दोरी आणि ते पांढरं पत्र्याचं खोकं, आबांच्या पलंगाच्या बरोबर वर.

दुसऱ्या दिवशी तीनच्या आत ऑफिसातून आबांना फोन लावला. ते हळू आवाजात बोलत होते, शेजारी कुणी झोपलं असावं तसं. "ऐकू येतंय का तुला? वर धापा टाकालीय." मी कान लावला. आबांचा श्वास आणि त्यामागे कसलीतरी घरघर. दोन लांब, एक आखूड, मग थांबा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. किंवा मला आठवायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी गच्चीच्या जिन्यात पाण्याचे डाग दिसले. वाळून कडा धरलेले, प्रत्येक पायरीवर दोन-तीन. आबा तर काठीशिवाय मोरीपर्यंत जात नव्हते. गच्चीवर गेले तर दोरीवर काही नव्हतं, पण युनिटच्या पत्र्याला ओल्या सुताचा वास येत होता. खाली आबा रेडिओ ऐकत बसले होते. मी जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवला, आणि याची मला स्वतःलाच लाज वाटली.

दोन दिवसांनी अर्धी रजा टाकून न सांगता घरी आले. तीनला दहा कमी होते. आबांची खोली रिकामी होती, काठी भिंतीला टेकवलेली. जिन्यात पाण्याचे थेंब होते, या वेळी ताजे. मी धावत वर गेले.

युनिटवर आईची चादर होती. निळी, मोरांची, काठ उसवलेला. दिवसकार्य झाल्यावर आईचं सगळं अंथरूण-पांघरूण आम्ही देऊन टाकलं होतं, गाठोडं मी स्वतः बांधलं होतं. ती चादर ओलीचिंब होऊन त्या खोक्यावर पांघरलेली होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली. शेजारी तापलेल्या फरशीवर आबा बसले होते, अनवाणी, एक हात चादरीवर. यंत्राची घरघर चादरीखाली दबत दबत गेली आणि थांबली.

"उतरला बघ ताप," आबा म्हणाले. "आता झोपंल."

तेव्हा मला आवाज आठवला. शेवटच्या महिन्यात आई तसा श्वास घेत होती. दोन लांब, एक आखूड.

आबा मूळचे सांगोल्याकडचे, चाळीस वर्षं यंत्रमागावर. मागाची मोटर तापली की ओलं फडकं टाकायचं, हे त्यांच्या हाताला पाठ. आईचा ताप चढला की तेच हात तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायचे. गाठोड्यातून ती चादर त्यांनी कधी काढून ट्रंकेमागे ठेवली, मला कळलंच नाही. बारा पायऱ्या ते बसत-सरकत चढत होते, रोज, डोक्यावर रणरणतं ऊन घेऊन. पंख्याचं तोंड ओल्या सुताने बंद झाल्यावर यंत्र स्वतःला जपण्यासाठी बंद पडत होतं. चादर वाळली की आबा ती घडी घालून खाली आणत होते.

मी घाबरले होते, आणि घाबरले की मी हुकूम सोडते. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. मेकॅनिकांना बोलावून सांगितलं, हा आवाज खाली येता कामा नये. त्यांनी युनिटच्या चारी पायांखाली जाड रबर बसवले. खोली अगदी चिडीचूप झाली. "झालं की काम," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर खोली छान गार होती. आबा फरशीवर बसले होते. धोतर, सदरा, सगळं ओलं; केसांतून पाणी गळत होतं. कुणी गेल्याचं कळल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी करतात ती अंघोळ त्यांनी केली होती. त्यांचे तळवे लालभडक झाले होते. गच्चीच्या दारावर त्यांनी किती वेळ थापा मारल्या असतील कोण जाणे.

"गेली," ते म्हणाले. "दार उघडंना. फडकं न्हाय ठिवलं, पानी न्हाय पाजलं. आवाजच न्हाय आला आज. ह्या बी टायमाला मी न्हवतो बघ आक्का."

आई गेली त्या दुपारी आबा तिच्या उशाशी होते, पण त्यांचा डोळा लागला होता. ते कधीच बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी त्यांचं डोकं पुसलं, कपडे बदलले आणि मग मोरीत जाऊन रडले. त्यांच्याशी तेच दुसऱ्यांदा घडलं होतं, आणि या वेळी माझ्या हातून.

सकाळी मेकॅनिकांना फोन करून रबर काढायला सांगितलं. "चांगलं चाललंय की मॅडम."

"तरी काढा. आणि युनिट खाली आणून आबांच्या खिडकीबाहेर बसवा, सावलीत."

त्यांनी कारण विचारलं नाही. दुपारपर्यंत काम झालं. आता आबा ओली चादर पलंगावर बसूनच खिडकीच्या गजांवर टाकतात, आतल्या बाजूने. यंत्र मोकळं राहतं, खोली गार राहते, चादर सावकाश वाळते. मेकॅनिक परवा येऊन बघून गेले आणि म्हणाले, आता दम कोंडायचं काही कारण नाही.

काल रविवार होता. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. चादरीपलीकडे दोन लांब, एक आखूड चाललं होतं. आबांच्या पापण्या जड झाल्या.

"आक्का, माझा डोळा लागला तर तू बघशील न्हवं?"

"बघते की. तुम्ही झोपा."

खोली पुरेशी गार झाली की ते यंत्र आपोआप मंदावतं, हे मला पुस्तिकेतून ठाऊक आहे. आवाज हळू होत गेला आणि थांबला. मी उठून चादरीवर हात ठेवला, श्वास धरून. पुढची घरघर येईपर्यंत मला तो सोडता आला नाही.

आबा झोपले होते. मी पाच वाजेपर्यंत जागी राहिले.