मागच्या दाराने आलेला आवाज

माझी वहिनी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण ती प्रोग्राम लिहीत नाही, जुळवते. इतरांनी लिहिलेले तुकडे आणि बाहेरून आणलेले तयार तुकडे एकत्र बांधून त्यांची चालणारी वस्तू करायची, याला त्यांच्यात बिल्ड म्हणतात. काहीही जन्माला यायचं ते हिच्याच हातून, म्हणून ऑफिसात तिला सगळे सुईण म्हणतात. हे नाव माझ्या दादाने पाडलं. तो त्याच ऑफिसात प्रोग्राम लिहायचा. आधी नाव पाडलं, मग लग्न केलं.

मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेते. आमच्या टेबलांवरचा प्रोग्राम दादाच्याच कंपनीचा. मी लिहितो, ही जुळवते आणि चिमणी भोगते, असं दादा म्हणायचा. चिमणी म्हणजे मी. त्याच्या तोंडून ते वहिनीच्या तोंडी गेलं आणि आता तिशी उलटली तरी सुटलेलं नाही.

प्रोग्राम नवा होता तेव्हा त्याला बोलता यावं असं ठरलं. कॉल घेणाऱ्याची नजर पत्ता लिहिण्यात गुंतलेली असते, म्हणून छोटी वाक्यं कानात पडावीत. तात्पुरता कुणाचा तरी आवाज हवा होता. दादा मीटिंगच्या खोलीत गेला, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावर कोट ओढून घेतला आणि सगळी वाक्यं बोलून आला. नवा कॉल. गाडी निघाली. गाडी पोहोचली. तात्पुरतं म्हणून जे बसतं ते उठत नाही. वर्षानुवर्षं आमच्या हॉलमध्ये माझा भाऊच बोलत राहिला. 'तुझा दादा पुन्हा मागे लागला बघ,' असं शेजारच्या टेबलावरचा सहकारी मला चिडवायचा.

मग दादा गेला. साधा ताप म्हणून निजला तो उठलाच नाही. मी कामावर परतले, कानाला हेडफोन लावला, आणि पहिल्याच कॉलला तो म्हणाला, "गाडी निघाली."

लोकांना वाटेल, आधार वाटला असेल. तसं काही नव्हतं. तो आवाज आनंदी होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी आवाज बारीक करून पाहिला, एका कानाने ऐकून पाहिलं. शेवटी आमच्या मुख्य बाईंनीच कंपनीला कळवलं की आवाज बदला.

तेव्हा तिथे सगळा प्रोग्राम नव्या फ्रेमवर्कवर चढवायचं काम निघालंच होतं. फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्राम ज्या चौकटीवर उभा असतो ती. चौकट बदलली की तिला जुळणारे बाकीचे तुकडेही बदलावे लागतात, नाहीतर एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. कुठला तुकडा घ्यायचा, त्याची कुठली आवृत्ती, हे एका फाइलमध्ये लिहायचं आणि मेव्हन नावाचं अवजार ते वाचून सगळं गोळा करून आणतं. जावा या प्रोग्रामच्या भाषेत अशा बांधलेल्या तुकड्याला जार म्हणतात. आई त्याला बरणीच म्हणते, आणि वहिनीने कधी दुरुस्त केलं नाही.

दादाचा आवाज अशाच एका बरणीत होता. वहिनीने त्या फाइलमधून ती काढली आणि एका निवेदिकेच्या आवाजाची नवी घातली. कसं वाटलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "एक नोंद होती. खोडली." एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली. मीही पुढे विचारलं नाही. आमच्या घरात तेव्हा सगळेच एकमेकांना जपून, पायाखाली काच असावी तसे वावरत होतो.

हॉलमध्ये आता बाईचा आवाज आला. गोड, कोरडा, कुणाचाच नसलेला. मला पुन्हा रात्रीची झोप लागायला लागली.

पुष्कळ महिन्यांनी एका भर दुपारी एका माणसाचा कॉल आला. त्याच्या वडिलांना श्वास घेता येत नव्हता. मी पत्ता लिहीत होते, आणि आमची मुख्य लाइन मध्येच पडली. असं क्वचित होतं. पडद्यावर पिवळी पट्टी आली आणि माझ्या कानात दादा म्हणाला, "संपर्क तुटला आहे. थांबा, पुन्हा जोडतोय."

हात कीबोर्डवर होते, ते तिथेच राहिले. लाइन परत आली, तो माणूस हॅलो हॅलो करत होता, मला ऐकू येत होतं, पण तोंड उघडेना. शेजारच्या सहकाऱ्याने माझा चेहरा पाहिला, कॉल स्वतःकडे ओढला आणि गाडी पाठवली. ते गृहस्थ वाचले. पण मी काही क्षण गप्प होते, आणि आमच्या कामात गप्प बसण्याला क्षमा नाही.

हॉलमधल्या आणखी दोघांनी तो आवाज ऐकला होता, म्हणून मला वेड लागलेलं नाही एवढं समजलं. बाकी काहीच समजलं नाही. घरी आले ती सरळ वहिनीच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. ती घाबरेल, निदान दचकेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त हातातली उशीची खोळ पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं. मेव्हनला विचारलं की ते एक झाड काढून दाखवतं: आपण कोणाला बोलावलं, त्याने येताना कोणाला आणलं, त्याने आणखी कोणाला. वऱ्हाडासारखं आहे, ती म्हणाली, आमंत्रण एकाला आणि पंगतीला दहा. आम्ही ज्याने रोजचे अहवाल काढतो तो तुकडा आमंत्रित होता. पण तो स्वतः दादाच्या बरणीवर टेकलेला होता, म्हणून मेव्हनने ती मुकाट्याने मागच्या दाराने आत आणली होती. पुढच्या दारातून काढली तरी ती घरातच होती.

आणि नव्या आवाजाच्या बाईंकडून ते एक वाक्य बोलवून घ्यायचंच राहिलं होतं. लाइन पडली तेव्हा प्रोग्रामने त्या नावाचा आवाज शोधला, नव्या बरणीत मिळाला नाही, मग मागच्या जुन्या बरणीत मिळाला.

तिने बोट ठेवलं तिथे, झाडाच्या अगदी खालच्या फांदीवर, दादाने बरणीला दिलेलं नाव होतं. मला ते ओळखता आलं. ते त्याच्या शाळेच्या दिवसांतल्या कुत्र्याचं नाव होतं.

तिने ज्या सराईतपणे तिथवर बोट नेलं, त्यावरून माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

तिने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "दिसलं होतं. फ्रेमवर्क बदलल्यावर मी झाड बघतेच. पान वर सरकवलं आणि पुढे गेले."

"का?"

"कुणाच्या वाटेत नव्हता गं तो. म्हटलं, पडून राहू दे एका कोपऱ्यात. तो बोलेल असं नव्हतं वाटलं, चिमणे."

मला राग आला होता हे खरं. त्या माणसाचे वडील डोळ्यांसमोर होते. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस. आणि मग आम्ही दोघी रडलो, तो गेल्यावर पहिल्यांदाच एकत्र.

वहिनीने ती बरणी आत येऊ नये अशी मेव्हनला सूचना लिहिली. दुसऱ्या सकाळी अहवाल कोसळला. आवाजाबरोबरच त्या बरणीत दादाने वेळ लिहिण्याचं एक बारकं काम ठेवलं होतं, आणि अहवालाचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. बरणी परत घ्यावी लागली. वहिनी मला म्हणाली की त्या दिवशी ऑफिसात तिच्या पाठीवर कुणाची तरी नजर होती, आणि ती दिवसभर भिंतीला पाठ लावून बसली.

तिच्या साहेबांनी सोपा रस्ता सुचवला. नव्या आवाजात राहिलेलं वाक्य घाला, जुनी बरणी राहू द्या मागे, ती काय खाते? वहिनीला ते पटवून घेता आलं असतं. तिने नाही म्हटलं. पुढच्या फ्रेमवर्कवर चढताना ती आडवी येईल, हे कारण तिने साहेबांना दिलं. मला दिलेलं कारण वेगळं होतं. आत आहे हे माहीत असताना, ती म्हणाली, मला रोज बिल्ड करताना दार उघडल्यासारखं होतं.

मग, एरवी लिहिणं तिचं काम नसलं तरी, तिने दादाचं ते बारकं काम नव्याने लिहायला घेतलं. त्यासाठी त्याचं लिखाण उघडावं लागलं. एरवी ती संध्याकाळी परत यायची तेव्हा पोळ्यांना मदत करायची, पण त्या आठवड्यात ती नुसती ओट्याला टेकून उभी राहायची. एकदा म्हणाली, तो नावं अजून तशीच देतो, वाटेल ती. 'देतो' म्हणाली. मी पोळी उलटली.

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण भिंतींना कान असतात आणि आईला त्याहून जास्त. तिने मला जवळ बसवून एवढंच विचारलं, "काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"जोडतोय म्हणाला?"

हो म्हटलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने वहिनीला म्हणाली की काढण्याआधी मला एकदा ऐकव.

वहिनीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. आईने चष्मा पुसून घातला, जणू आवाज बघायचा होता. सगळी वाक्यं एकामागून एक वाजली. मधे एका वाक्याच्या शेवटी त्याचा श्वास ऐकू आला, कोटाखाली गुदमरलेला. मी खिडकीकडे बघत राहिले. संपल्यावर आई म्हणाली, "हा त्याचा ऑफिसातला आवाज. घरी कुठे असा नीट बोलायचा?" आणि तिला हसू आलं. वहिनीला नाही आलं. तो आवाज फोनमध्ये घालून देऊ का, असं तिने विचारलं. आई नको म्हणाली.

बरणी निघाली. अहवाल चालला. नव्या बाईंनी राहिलेलं वाक्य येऊन बोलून दिलं. त्यानंतर लाइन पडली तेव्हा मी ते ऐकलं, शुद्ध आणि ठणठणीत, आणि कॉलवर राहिले. कॉल संपल्यावर मात्र मी हेडफोन काढला नाही. आणखी काही येईल, असं वाटत होतं. अजूनही लाइन पडली की वाटतं.

वहिनी अजून तिथेच आहे, सुईणच आहे. आता ती प्रत्येक बिल्डनंतर अख्खं झाड वाचते, शेवटच्या फांदीपर्यंत, बोट ठेवून, आई पोथी वाचते तसं. इतकं कुणी करत नाही, तिच्या हाताखालची मुलं त्यावरून हसतात. मी एकदा विचारलं, आता कशाला बघतेस?

"कुणी आणलाय का परत, ते."

"आणि आणला असेल तर?"

"काढीन," ती म्हणाली, आणि पान खाली सरकवत राहिली, सावकाश.