लावलेलं दार

मुलीच्या अमेरिकेतल्या घरी जेवणाच्या टेबलासमोर एक जुनं चित्र टांगलंय. तिकडच्याच कुणीतरी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. लहानसं बंदर, शिडं गुंडाळलेल्या होड्या, काठावर एक घर. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

"किती शांत वाटतं ना गं आई?" मुलगी म्हणाली.

शांत? अहो, माझा तर जळफळाट झाला! आमच्या कोकणातल्या बंदरावर सगळ्या होड्या एकदम घरी असतात त्या फक्त पावसाळ्यात. एरवी कुणी ना कुणी बाहेर असतंच. आणि घरची होडी बाहेर असली की सासूबाई दाराला कडी लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "आपला माणूस पाण्यावर, नि आपण कडी लावून झोपायचं?" हे परत आले नाहीत, तेव्हाही दार उघडंच होतं. आता मुलगा जातो समुद्रावर, आणि मीही कडीला हात लावत नाही.

चित्रातल्या घराचं दार मात्र घट्ट लावलेलं आहे. म्हणजे तिथल्या बाईची सगळी माणसं आली, जेवली, निजली. कधी न पाहिलेल्या त्या बाईचा मला इतका हेवा वाटला, की मी चित्राकडे पाठ करून जेवायला बसू लागले.

परवा मुलगी ओरडली, "आई, मागचं दार पुन्हा उघडंच! थंडी येते ना!"

"येऊ दे," म्हटलं. "तुझा भाऊ कालच होडी घेऊन गेलाय."