झांजा कुणी काढल्या?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून माझ्या साडूंएवढा संशयी माणूस दुसरा नाही. हे मी जपून लिहितो आहे. डिंभ्याच्या कालव्यावर पाणी मोजण्याची माझी नोकरी असल्यामुळे न मोजलेली गोष्ट कागदावर उतरवायची मला सवय नाही. साडूंना कशाकशाचा संशय येतो हे मोजणे अवघड आहे, म्हणून कशाचा येत नाही ते मोजले. ते दोनच निघाले. एक त्यांचा स्क्रू ड्रायव्हर, आणि दुसरे त्यांच्या अंगातले शर्ट. शर्टांचे पुढे सांगतो.

घोडेगावच्या रस्त्याला त्यांचे पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे, दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. शेतकरी बिघडलेली मोटर घेऊन आला की ते त्याला काय झाले म्हणून विचारत नाहीत, कारण तो खोटे सांगणार हे त्यांनी आधीच धरलेले असते. मोटर चालू करायची, हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक तिच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "बेरिंग गेलंय. आन तू म्हनतोस काल घेतली." बत्तीस वर्षांत हा निकाल चुकला नाही, असे ते सांगतात आणि शेतकरीही सांगतात, म्हणून मी ते लिहितो आहे. बाकी जगाला त्यांना स्क्रू ड्रायव्हर लावता येत नाही, म्हणून नुसता संशय. डिंभ्याला मासे घ्यायला गेले की मासळीवाल्याला म्हणणार, "ही कालची." एकदा तो म्हणाला, "भाऊ, अजून हालतीय की." साडू म्हणाले, "तू हालवतोयस." लग्नपत्रिकेत बारा वाजून सोळा मिनिटे असा मुहूर्त छापलेला असेल, तर ते मांडवात घड्याळ काढून बसतात आणि जेवताना वधूपित्याला किती मिनिटांची फसवणूक झाली ते सांगतात. अलीकडे कंपन्यांवर त्यांचा राग फार वाढला होता. मोबाइलची रिंग कंपनीने मुद्दाम बारीक केली आहे, म्हणजे लोकांनी नवा घ्यावा. कुकरच्या शिट्टीत आता पहिल्यासारखा पत्रा वापरत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी लोणीच्या एका बागायतदाराची मोटर त्यांनी ऐकून ठणठणीत म्हणून परत दिली आणि ती चौथ्या दिवशी जाम झाली, तेव्हाही त्यांचे म्हणणे हेच होते की त्याने ती विहिरीत पाणी नसताना चालवली.

अशा माणसाला गाण्याचे वेड लागावे, आणि तेही परदेशातल्या एका प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे, हे ऐकून लोकांना वाटते मी गंमत करतो आहे. या संगीतात गिटारी भिंत पडल्यासारख्या वाजतात, एकेक गाणे बारा-बारा मिनिटे चालते आणि ठेका कधी साताचा, कधी पाचाचा होतो. साडू याला सापडले ते मोटारीमुळेच. आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडले होते तेव्हा कुणीतरी त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलाच नाही. आत एक कॅसेट अडकलेली होती. दुरुस्ती करून लावून पाहिली तर ठेका लंगडत होता, दर वेळी एक पाऊल कमी. साडूंनी टेपची मोटर उघडली. पट्टा बदलला. पुन्हा लंगडा. तीन वेळा उघडून तीन वेळा बसवल्यावर त्यांच्या ध्यानात आले की टेप धडधाकट आहे आणि त्या लोकांनी गाणेच सात मात्रांचे बांधले आहे. "आयुष्यात पयल्यांदा कुनी मला सरळ फसवलं, पावणं," ते मला म्हणाले होते, "आन फसवून झाल्यावर समजावून पन सांगितलं."

त्या दिवशी ते टेपरेकॉर्डर सायकलला बांधून थेट जुन्नरला गेले, मास्टरांकडे. मास्टर म्हणजे त्यांचे आयटीआयपासूनचे मित्र. साडू वायरमन ट्रेडला होते आणि हे शिवणकामाला. मास्टरांचे वडील आणि आजोबा जुन्नरच्या पेठेत शिंपीकामच करत, आणि आता दुकान मास्टर चालवतात. मास्टरांनी शिलाई मशीन थांबवून पूर्ण कॅसेट ऐकली आणि म्हणाले, "वायरमन, परत लाव." तेव्हापासून या बँडचे दोन तालुक्यांतले चाहते दोन. मी चौकशी केली आहे, मढपासून लोणीपर्यंत तिसरा सापडला नाही. या दोघांनी आपसात नियम करून घेतला होता: नवा अल्बम आला की दोघांनी एकत्र ऐकायचा, आणि पूर्ण तीन वेळा ऐकून होईपर्यंत मत द्यायचे नाही.

अकरा वर्षांपूर्वी मास्टरांनी हा नियम मोडला. तेव्हाचा अल्बम एकदा ऐकून संपला आणि मास्टर म्हणाले, "बरा हाय." बस, एवढेच.

"बरा?" साडू म्हणाले. "बरा चहा असतोय."

"मला वाटलं ते बोललो. उगं काय लई भारी म्हनू?"

एकदाच ऐकून माणूस इतक्या ठामपणे बोलतो, म्हणजे याने तो आधीच एकट्याने चोरून ऐकला असणार, असा साडूंना संशय आला आणि तो त्यांनी बोलून दाखवला. मास्टर उठले, मोजपट्टी गळ्यात टाकली आणि एसटीने जुन्नरला निघून गेले. त्यानंतर अकरा वर्षे दोघे बोलले नाहीत. मात्र साडूंना दुसऱ्या कुणाचा शिवलेला शर्ट चालत नाही, कारण दुसरे शिंपी कापड मारतात. म्हणून दर दिवाळीला कापड घेऊन जुन्नरला मी जाणार, आणि माप? "जुनंच हाय म्हनावं त्याच्याकडं." या अकरा वर्षांत साडूंचे पोट निदान पाच इंच सुटले. मास्टर मला काही न विचारता विचारत. "जिना चढताना दमतो का?" "पट्ट्याचं भोक कितवं लावतो?" मी खरे तेच सांगत असे, आणि दर वर्षी शर्ट बरोबर बसत असे. जुन्या मापाचा शर्ट नव्या पोटावर कसा बसतो, असा संशय मात्र साडूंना एकदाही आला नाही.

मागच्या महिन्यात, अकरा वर्षांनी, त्या बँडचा नवा अल्बम आला. सकाळीच मला फोन. "पावणं, डायरी घिऊन या." मी गेलो तेव्हा दुकानाचे शटर अर्धे खाली होते आणि साडू मोबाइलवर जगभरच्या चाहत्यांनी काय लिहिले आहे ते बघत होते. अल्बम एक तास अठरा मिनिटांचा. तो बाहेर पडल्यावर चौथ्या मिनिटाला एकाने लिहिले होते की त्याचे आयुष्य बदलले. सातव्या मिनिटाला दुसऱ्याने लिहिले की हा या बँडचा सगळ्यात वाईट अल्बम आहे. मला एकेक वेळ टिपून घ्यायला लावली. चाळीस अभिप्राय झाले, त्यातले एकतीस अल्बम संपणेच शक्य नव्हते त्या वेळचे.

"कंपनीची मानसं," साडू म्हणाले. "चार मिन्टात तर माझी सोल्डरिंग गन तापत न्हाई, आन याचं आयुष्य बदललं."

मग त्यांनी स्वतः बांधलेला अँप्लिफायर चालू केला. पहिले गाणे झाले. दुसरे निम्मे झाल्यावर त्यांनी ते थांबवले, मागे नेले, पुन्हा लावले. मग उठून स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक स्पीकरच्या लाकडाला टेकवले, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. असे मी मोटारीशिवाय कशालाही करताना त्यांना पाहिले नव्हते.

"झांजा काढल्यात," ते म्हणाले.

ड्रमच्या वर लावलेल्या पितळी थाळ्यांना, म्हणजे सिंबल्सना, ते झांजाच म्हणतात. मी म्हणालो, "काढल्या म्हणजे?"

"नायतच. ढोल हाय, गिटार हाय, वरचं झळझळीत समदं कापून टाकलंय. एक तर ड्रमवाला मेलाय आन हे सांगत नायत, नायतर कंपूटरनं वाजवलंय."

आता मला संगीतातले काही कळत नाही, पण मोजता येते. मला झांजा ऐकू येत होत्या. नुसत्या येत नव्हत्या, त्या गाण्यात तर झांजांशिवाय दुसरे फारसे नव्हते. मी म्हणालो, "भाऊ, आहेत. आत्ता एका मिनिटात मी पन्नासच्या वर मोजल्या." साडूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला ओळखीची होती. तीच नजर त्यांनी त्या मासळीवाल्याकडे टाकली होती.

"तुमाला बी त्यांनी पैकं दिलं का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागच्या दारातून अक्का, म्हणजे त्यांची बायको, आल्या. हात पिठाचे होते. "आवो, तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करा म्हणून सांगितलं व्हतं ना? दाराच्या आडच तर कुकर हाय."

"एक पन झाली न्हाई."

"तीन झाल्या," मी म्हणालो. मोजलेल्या होत्या.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा तर गाणेही थांबलेले होते. अक्कांनी आत जाऊन गॅस बंद केला. साडू स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिले. मग टेबलफॅन लावला, त्याला टोक टेकवून ऐकले, बंद केला, पुन्हा लावला. बेरिंग जायला लागले की मोटर आधी बारीक शिट्टी घालते, खरखर नंतर येते, हे त्यांनीच मला कधीतरी समजावले होते. फॅन बंद करून ते म्हणाले, "लोनीवाल्याच्या विहिरीत पानी व्हतं का हो?"

"कालव्याच्या कडेची विहीर आहे," मी म्हणालो. "काठोकाठ होती."

खरे सांगितल्याचा मला आनंद झाला नाही. साडू म्हणाले, "मास्टरला इचारा. झांजा हायत का न्हाई ते."

"अकरा वर्षे तुम्ही बोलला नाहीत त्यांच्याशी."

"म्हनून तर. त्यो तोंडावर बरा म्हनला व्हता. त्यो मला बरं वाटावं म्हनून बोलायचा न्हाई."

मी मोटारसायकल काढून जुन्नरला गेलो. मास्टर काज करत होते. सगळे ऐकून घेतले आणि सुई पिनकुशनला टोचून ठेवली. मी विचारले, "तुम्हाला काय वाटलं? झांजा आहेत ना?"

"मी ऐकला न्हाई अजून."

"सकाळीच आला की."

"ठाऊक हाय. एकट्यानं कसा ऐकायचा?" ते म्हणाले. "आजवर एक पन एकट्यानं ऐकलेला न्हाई." मग दुकानाला कुलूप लावून माझ्या मागे बसले.

साडूंच्या दारात उभे राहून मास्टरांनी आधी शर्टाकडे पाहिले. "खांद्यात वढतंय."

"न्हाई वढत," साडू म्हणाले. "लई जागा हाय."

"तुला म्हाईत व्हय? बस खाली, वायरमन."

पुढच्या आठवड्यात साडू मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले, हे इथेच सांगून टाकतो. वरचे, बारीक आवाज जवळजवळ गेले आहेत आणि ते परत यायचे नाहीत, असे निघाले. तपासणारी बाई निम्म्या वेळा बटण दाबतच नव्हती, असे साडूंचे म्हणणे आहे. कानाचे यंत्र घेतले आहे, ते टेबलाच्या खणात आहे. आता मोटर आली की स्क्रू ड्रायव्हर अक्का धरतात. "शिट्टी घालतीय," म्हणतात, आणि साडू "नीट ऐक" म्हणून तीनदा ऐकायला लावतात.

पण मला सांगायची आहे ती दुपार. मास्टर खुर्ची ओढून साडूंच्या उजव्या हाताला बसले. त्यांचे मनगट स्वतःच्या मांडीवर ठेवले, नाडी बघतात तसे, आणि मला म्हणाले, "लावा." गाणे सुरू झाले. जिथे जिथे झांज वाजेल तिथे तिथे मास्टर मनगटावर बोट मारू लागले. मोठ्या झांजेला पूर्ण बोट, बारकीला नखाचे टोक. कपड्यावर टिपा मोजत आयुष्य गेलेला माणूस, ठेका साताचा असो की पाचाचा, त्यांचे बोट अडखळले नाही.

"एवढ्या?" साडू थोड्या वेळाने म्हणाले. "तू जास्तीच्या मारतोयस."

"मोज."

साडूंनी डोळे मिटले. मधे एका गाण्यात मास्टरांचे बोट उचललेले राहिले. खाली आलेच नाही.

"आता?"

"आता न्हाईत."

"न्हाईतच?"

"न्हाईत, राव. गप वाजवतोय त्यो खाली. थांब जरा."

मला वाटले साडू आता स्क्रू ड्रायव्हर उचलणार. तो समोरच होता. त्यांनी हात हलवला नाही. मी सवयीने मोजत होतो, त्या दोन मिनिटांत झांज खरोखरच एकही नव्हती. मग मास्टरांचे बोट खाली आले आणि साडूंनी मान डोलावली, जणू त्यांनाही ती ऐकू आली होती.

एक तास अठरा मिनिटांनी अल्बम संपला. अक्कांनी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला होता. साडूंनी हात मास्टरांच्या मांडीवरून काढून घेतला नव्हता.

"बरा हाय," साडू म्हणाले.

मास्टरांनी त्यांच्याकडे पाहिले. मग डाव्या हाताने मनगट पुन्हा नीट धरले आणि मला म्हणाले, "अजून दोनदा ऐकायचाय. लावा, पावणं."